घोडी घ्यावी, पण जोडीने

वीकेंडला घरात ठोकाठोकी करणाऱ्यांची एक नवी जमात आपल्याकडे तयार झालीय. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी ड्रिल मशिन. मीही त्यातलीच. या जमातीचं शॉपिंगही ठरलेलं असतं. आधी ड्रिल, मग बिट्सचा तो शंभर तुकड्यांचा डबा (पैकी वापरात येतात आठ), मग जिगसॉ आणि बोनस झाला की सर्क्युलर सॉ. सगळं कसं एकदम प्रोफेशनल! आणि मग प्लाय कापायला ठेवायचा कशावर? डायनिंग टेबलच्या दोन खुर्च्यांवर. नाहीतर डिस्टेंपरच्या दोन रिकाम्या बादल्यांवर.

मशिनसाठी पंधरा रिव्ह्यू वाचणारा माणूस मशिनखाली काय असणार याचा विचारच करत नाही. म्हणून आजचा विषय घोडी.

लग्नातली नव्हे हो! सुताराची. इंग्रजीत सॉहॉर्स. वर एक आडवं लाकूड, खाली बाहेर फाकलेले चार पाय, संपलं. अशा दोन घोड्या समोरासमोर ठेवायच्या, वर फळी टाकायची आणि कापा, घासा, रंगवा, काय हवं ते करा. मराठीत घोडी हा शब्द भलताच कामसू आहे. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तीही घोडी, आणि पेंटर ज्याच्यावर चढतो तो घोडा. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘घोडी आहे का?’ विचारलं तर पुढ्यात डबल शिडी येण्याचीच शक्यता जास्त. माझ्यापुढे दोनदा आली. ‘सुतारकामाची, प्लाय ठेवायची, फोल्डिंग’ असं सविस्तर सांगा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तिथल्या हत्यारांच्या दुकानांत विचारून बघा. ऑनलाइन शोधताना मात्र सॉहॉर्स किंवा ट्रेसल याच नावानं शोधा.

खुर्चीवर कापाकापी करणारे आपण काही पहिले नाही, हेही सांगून टाकते. १९६१ ची गोष्ट. रॉन हिकमन हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, इंग्लंडमध्ये लोटस कंपनीत काम करणारा डिझायनर घरी कपाट बनवत होता. लोटस एलान ही गाजलेली स्पोर्ट्‌स कार ज्यानं डिझाइन केली, तोच हा. साहेबांनी घोडी म्हणून घरातली चांगली खुर्ची घेतली आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली. आपण असतो तर खुर्ची गुपचूप माळ्यावर टाकली असती. यानं डोकं लावलं. घोडी, शिकंजा आणि छोटं कामाचं टेबल असं तिन्ही एकत्र करून एक फोल्डिंग वस्तू बनवली. बऱ्याच कंपन्यांनी ती नाकारली. शेवटी ब्लॅक अँड डेकरनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ‘वर्कमेट’ नावानं मोठ्या प्रमाणावर काढली आणि मग ती जगभर धडाक्यात खपली. खुर्ची वसूल!

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो मात्र हौसेतून नाही, साइटवरून. नवा फ्लॅट, इंटिरियरचं काम चालू, मी ऑफिसातून येता-जाता डोकावणार. एका संध्याकाळी गेले तर आमचे सुतारकाका हॉलमध्ये फरशीवर उकिडवे बसलेले. समोर प्लाय, प्लायखाली लाकडाचा एक तुकडा, प्लायवर डाव्या पायाचा तळवा दाबलेला आणि हातात चार इंची मार्बल कटर. त्याला लाकडाचं ब्लेड लावलेलं, ब्लेडवरचं कव्हर काढून ठेवलेलं. पायाचा अंगठा आणि फिरणारं ब्लेड यांच्यात अंतर किती? माझ्या मोबाइलच्या रुंदीएवढं.

मशिन थांबल्यावर मी म्हटलं, “काका, काहीतरी उंच घ्या ना खाली.”

“ताई, वीस वर्षं असंच करतोय.” मग माझी नजर कुठे गेली ते बघून हात मागे घेत म्हणाले, “ते जुनं आहे.” डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, त्यांना सवय असते.”

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बसून काम करणं हे अडाणीपणाचं लक्षण अजिबात नाही. पायाच्या बोटांत लाकूड धरून हातकरवत चालवणं ही मोठी कारागिरी आहे, पायाचाच शिकंजा होतो. पण ती पद्धत हातकरवतीची. हातकरवत लागली की माणूस थांबतो, आणि करवतही थांबते. मिनिटाला हजारो फेरे घेणारं ब्लेड असं थांबत नाही. हत्यार बदललं आणि बसायची पद्धत तीच राहिली, सगळी गडबड इथे आहे.

मी घोड्या घ्यायचं ठरवलं. बजेट तीन हजार, जोडीचं. (किचनच्या ड्रॉवर्सच्या हँडल्सचं बिल याच्या तिप्पट झालं होतं, आणि त्या बिलावर घरात कोणीही हूं की चूं केलं नव्हतं.) पुढचे दोन आठवडे लंच टाइममध्ये मी एवढंच वाचत होते. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहीत झालं की हिला घोडी हवीय. जोक्स इमॅजिन करा.

पहिली गोष्ट उंची. बहुतेक जण ही बघतच नाहीत. सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगट जमिनीपासून किती इंचांवर येतं ते टेपनं मोजा. मशिननं कापायला, पॉलिश पेपर मारायला, जोडणी करायला साधारण तेवढी किंवा थोडी कमी उंची बरी पडते. माझी उंची पाच फूट दोन इंच, मनगट तिशीच्या आसपास येतं. हातकरवतीनं कापायचं असेल तर याहून बरंच खाली, गुडघ्याच्या जरा वर, कारण तेव्हा फळीवर गुडघा दाबून वरून जोर लावायचा असतो. म्हणजे ‘बेस्ट उंची’ अशी काही नसते. तुमची असते आणि कामाची असते. ज्या घोडीचे पाय कमी-जास्त होतात ती यासाठीच घ्यायची. साइटवर किंवा गच्चीवर जमीन कुठे सपाट असते? एक पाय अर्धा इंच वाढवता आला की खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालाव्या लागत नाहीत. फक्त पाय अडकवायची सोय बघून घ्या. भोकात आरपार जाणारी खिळी असेल तर डोळे झाकून घ्या. नुसता पिळायचा नॉब असेल तर तो सैल होतो आणि पाय हळूच खाली सरकतो, तेही नेमका वर माल असताना.

दुसरी गोष्ट वजन. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० किलो वगैरे लिहिलेलं असतं. वाह! पण बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. बहुतेक वेळा तो आकडा जोडीचा असतो. म्हणजे एकीच्या वाट्याला निम्मा. शिवाय तो सगळीकडे सारखा पसरलेल्या, न हलणाऱ्या वजनाचा. वर हातोडा मारणं, एका टोकाला रेलणं, पोरानं वर उडी मारणं हे त्यात धरलेलं नसतं. दोन घोड्यांची तुलना करताना एकीचा आकडा जोडीचा आणि दुसरीचा सिंगलचा असं झालं तर सगळा हिशेबच चुकतो.

बरं, आपल्याला लागतं किती? आठ बाय चारचा १८ मिलिमीटर प्लायचा पूर्ण शीट साधारण पस्तीस किलोच्या आसपास भरतो. दोन शीट ठेवले तरी सत्तर. वर आपण रेललो, मशिन ठेवलं, तरी दीडशे किलोची जोडी घरकामाला भरपूर झाली. त्यावरच्या आकड्याचे जास्त पैसे मोजायचे तर ते वजनासाठी नाही, मजबुतीसाठी मोजा. आणि मजबुती डब्यावर छापलेली नसते, ती हलवून बघावी लागते. दुकानात घोडी उघडा, वरच्या पट्टीवर दोन्ही हात ठेवा आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनं ढकला. फाकलेल्या पायांच्या दिशेनं सगळ्याच घोड्या दणकट वाटतात. लांबीच्या दिशेनं मात्र स्वस्तातली घोडी सरकारी टेबलासारखी डुलते. कापताना आपण त्याही दिशेनं ढकलत असतो. दुकानदार वैतागला तरी चालेल, ही टेस्ट चुकवू नका. ऑनलाइन मागवलीत तर डबा फोडल्यावर पहिलं काम हेच, आणि डुलली तर सरळ रिटर्न.

आता फीचर्स. इथेच कंपन्या आपल्याला गंडवतात. माझ्या मते पैसे द्यावेत अशी चारच. पाय कमी-जास्त होणं, ते वर सांगितलंच. घडी सपाट होणं. पायांना रबरी बूट, कारण आपल्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स आणि लाकडाचा भुस्सा यांची युती म्हणजे घसरगुंडी. आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं, वरच्या पट्टीत लाकूड बसवायची खाच किंवा ब्रॅकेट. लोखंडी घोडीवर थेट प्लाय ठेवून कापलं आणि ब्लेड पट्टीला लागलं तर ठिणग्या, ब्लेडचे दात गेले आणि मशिन उसळलं ते वेगळंच. वर लाकडाची पट्टी असेल तर ब्लेड तिला लागलं तरी बिघडत नाही. ती मरण्यासाठीच असते. झिजली की दुसरी.

खिळ्यांसाठी ट्रे, वायर अडकवायला हुक, बाटली ठेवायची गोल खाच, इंच-सेंटिमीटरची छापील पट्टी... छान दिसतात, फुकट मिळाली तर घ्या. ट्रेमध्ये दोन दिवसांत भुस्सा भरतो. अंगचा शिकंजा असलेली घोडी मात्र एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी विचारात घेण्यासारखी आहे. तरी साधी घोडी आणि दोन सुटे क्लॅम्प हे कॉम्बिनेशन मला जास्त पटतं, क्लॅम्प दहा कामांना येतात. पीव्हीसी पाइप किंवा पडद्याचे रॉड कापायचे असतील तर वर व्ही आकाराची खाच बघा, त्यात गोल वस्तू गडगडत नाही.

प्लास्टिक, लोखंड की लाकूड? प्लास्टिकची घोडी हलकी, गंजत नाही, चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय नेता येते. पण लांबीच्या टेस्टमध्ये हीच जास्त नापास होते, आणि गच्चीवर वर्षभर उन्हात ठेवली तर प्लास्टिक ठिसूळ होतं. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या मागे ठेवणार असाल तर ठीक. लोखंडी फोल्डिंग घोडी साइटला बेस्ट. ट्रकमधून फेकली तरी काही होत नाही. पावसाळ्यात तिची बिजागरी गंजते, तेवढं एक थेंब तेल लागतं. घडी घालताना बोटं सांभाळा, त्या सांध्यात चिमटा बसला की आई आठवते. मी साइटसाठी हीच घेतली. पाय खिळीनं कमी-जास्त होणारे, वर लाकडाची खाच. तीन हजारांच्या बजेटमध्ये थोडं वर जाऊन बसलं.

आणि लाकडी? तुमच्याकडे गॅरेज असेल, गावच्या घराची पडवी असेल, कायम एका जागी ठेवता येणार असेल तर विकतच्या भानगडीत पडूच नका. सुताराकडून करून घ्या किंवा स्वतः करा. हिशेब सांगते. एका घोडीला वरचा आडवा चार बाय दोन इंची तुकडा, तीन फुटांचा. चार पाय तीन बाय दोन इंची, अडीच-अडीच फुटांचे. जोडीचं मिळून सव्वा घनफुटाच्या आत-बाहेर लाकूड लागतं, कटाईत जाणारं धरून दीड. वखारीत घनफुटाचा भाव विचारायचा आणि दीडनं गुणायचं, झाली किंमत. सागवान नको, उगाच श्रीमंती. जुन्या पॅकिंग खोक्यांचं पाइन मिळालं तर उत्तम, फक्त गाठी आणि खिळे बघून घ्या. पाय उभ्या रेषेपासून पंधराएक अंश बाहेर फाकवायचे आणि दोन्ही बाजूंच्या पायांना प्लायचा त्रिकोणी तुकडा फेविकॉल आणि स्क्रूनं मारायचा. डुलणं जातं ते त्या तुकड्यानं. खिळ्यांवर भागवू नका, वर्षभरात सैल होतात. अशी घोडी लांबीच्या टेस्टमध्ये बाजारातल्या भल्या-भल्यांना हरवते. तिचा एकच दोष, तिची घडी होत नाही आणि वन बीएचकेमध्ये ती पाहुण्यासारखी मध्येच उभी राहते.

वन बीएचकेवाल्यांनो, तुमच्यासाठी तिसरा मार्ग. प्लायचे दोन तुकडे, २४ इंच रुंद, २८ इंच उंच. एकाला वरून निम्म्यापर्यंत मधोमध खाच, दुसऱ्याला खालून निम्म्यापर्यंत. खाचेची रुंदी प्लायच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. एकात एक अडकवले की वरून बघताना अधिकाच्या चिन्हासारखा आकार उभा राहतो. असे दोन केले की जोडी तयार. निम्म्याहून थोडा जास्त शीट लागतो, काम झालं की सुटे करून चार सपाट तुकडे कपाटामागे सरकवायचे. पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि खाच घट्ट होते, म्हणून कडांना आधीच प्रायमर मारून टाका.

एक सावधानता. ट्रेसल टेबलची सध्या फॅशन आहे. दोन नाजूक घोड्या, वर टेबलटॉप, झालं वर्क फ्रॉम होम. दिसतं कूल, मलाही आवडतं. पण टेबलासाठी बनवलेल्या त्या पायांवर करवत चालवू नका. त्यांचं काम लॅपटॉप आणि कॉफी सांभाळणं आहे. उलट मात्र चालतं. कामाच्या घोड्यांवर फ्लश डोअर टाकलं की घरी वीस जण जेवायला येणार असतील तेव्हा एक मस्त बुफे टेबल होतं. वर चादर टाका, कोणाला कळत नाही.

घोड्या आल्या म्हणजे सगळं झालं असं नाही, त्यांच्यावर प्लाय ठेवायचा कसा हेही आहेच. दोन्ही टोकांना एकेक घोडी आणि काप मधोमध, ही पद्धत बहुतेकांच्या डोक्यात असते. ती धोक्याची. काप पुढे सरकतो तसा शीट मध्ये वाकतो, कापलेल्या फटीच्या दोन कडा जवळ येतात, ब्लेड त्यांच्यात चिमटतं आणि मशिन झटक्यानं तुमच्याकडे येतं. त्यासाठी दोन घोड्यांवर आधी दोन बाय दोनच्या चार लांब पट्ट्या आडव्या टाका आणि त्यांच्यावर शीट ठेवा. काप संपला तरी दोन्ही तुकड्यांना खालून आधार राहतो, कोणी धरायला लागत नाही. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा फक्त तीनेक मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे पट्ट्यांवर नुसते चरे पडतात. कव्हर लावलेलंच असू द्या. गॉगल घाला. ओढणी आणि सैल बाह्या बाहेरच्या खोलीत.

साइटवर काय झालं विचाराल, तर पहिला दिवस माझ्या घोड्यांवर काकांचा शर्ट आणि डबा ठेवलेला होता. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, “काका, बऱ्या नाहीत का?”

“उंच आहेत ताई. खांदा दुखतो.”

काका माझ्याहून दोन बोटं बुटके. कंपनीनं पाठवल्या तशा त्या बत्तीस इंचांवर उभ्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून आठ खिळ्या काढल्या, त्यांच्या मनगटाशी टेप धरला आणि पाय दोन भोकं खाली घेतले. त्यांनी एक फळी टाकली, गुण्या लावून रेघ मारली, उभ्या-उभ्या कापली. मग तुकडा उचलून कड डोळ्यापाशी धरून बघितली, बराच वेळ. मला म्हणाले, “पट्ट्या अजून दोन आणायला सांगा त्या कॉन्ट्रॅक्टरला. चार पुरत नाहीत, बारीक तुकडे खाली पडतात.”

सांगितल्या. त्यानं आणल्या नाहीत, मग मीच आणल्या.